क्षार

डॉक्टर खल्फान म्हणाले, "पाइप तुंबला होता."
मी हसलो असतो, पण नाकातोंडावर मास्क होता.
बावीस वर्षं सोहारच्या प्लांटवर
समुद्राचं गोडं पाणी करणाऱ्या नळ्यांतून
मी क्षार खरवडतोय.
तुंबणं मला ठाऊक आहे.
आधी नळी कुरकुरते, दाब चढतो, काटा हलतो,
महिनाभर आधी सुपरवायझरला कळवता येतं.

हे तसं नव्हतं.

हे रात्री अडीचला आलं, खालच्या जबड्यात,
अक्कलदाढ ठणकावी तसं.
मग खांद्यावरून उतरत डाव्या करंगळीपर्यंत.
छातीवर फक्त कुणी ओली गोणी ठेवलेली.
सोडा प्यालो. ढेकर आला नाही.
कॅन्टीनच्या मटणाला दोष दिला.
दोष द्यायला काही सापडलं
की माणूस सहज अर्धा तास घालवतो.

वरच्या बंकवरचा सिराज मुकादम पाण्याला उठला.
बाणकोटचा. आठवड्याला दहा वाक्यं बोलणारा.
माझ्या कपाळाला हात लावून तो एसीकडे बघत राहिला.
"बाहेर शेचाळीस डिग्रीत सगळेच भिजतात.
तू आत कशाला भिजलायस?"
त्याच्या चुलत्यालाही कुवेतला असाच गॅस झाला होता.
त्यानं गोळी जिभेवर ठेवली. "गिळू नको, चाव."
जिना उतरू दिला नाही.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून
त्यानं आणि पठाण ड्रायव्हरनं मला
तीन मजले खाली आणलं, लग्नातल्या नवरदेवासारखं.

ईसीजीचा कागद बघताच सगळे भराभर चालू लागले.
फॉर्मवर माझं नाव उजवीकडून डावीकडे:
सदानंद कृष्णा आगरे.
नर्सनं घड्याळ काढलं. तीन दहा.
त्याखाली उन्हानं न रापलेला पट्टा होता,
अंगावरची एवढीच जागा माझ्या जन्माच्या रंगाची.
तिथूनच ते आत शिरले.
केसाएवढी तार, मग ऊन ऊन औषध,
पडद्यावर माझं हृदय: वाळवंटातल्या झुडपासारखं,
आणि एका फांदीला पुढे काहीच नाही.
फुगा फुगला. जबडा एकदा कळवळला.
जाळी बसली.
फांदी टोकापर्यंत काळी झाली, आणि गोणी
कुणीतरी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना म्हणालो,
साहेब, पाइप असा तुंबत नाही.
त्यांनी चादरीवरच बोटानं नळी काढली.
म्हणाले, खरंय. तुमच्या थरानं अर्धीही वाट अडवली नव्हती.
त्याच्यावरची साय फाटली.
रक्ताला वाटलं, जखम झाली.
ते धावलं, गोठलं, बुजवायला.
मदतीलाच आलं होतं,
आणि पलीकडचा स्नायू उपाशी मरू लागला.

रात्रभर मला धाकटा भाऊ आठवत राहिला.
दर महिन्याच्या पाच तारखेला मी पैसे पाठवले,
जरा कुठे खरचटलं की जास्त पाठवले.
त्यानं होडी विकली, जाळं विकलं,
पडवीत बसून राहिला.
मी तर मदतच करत होतो.

थोडा स्नायू गेला. तो येणार नाही.
रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, वर्षभर,
एकही दिवस चुकवायची नाही, जाळी नवी आहे,
रक्त अजून तिला जखम समजतं.
विडी बंद. आणि मीठ कमी.
मीठ कमी!
ट्रंकेत गावचे सुके बोंबील, बरणीभर लिंबाचं लोणचं.
मी ते सिराजच्या बंकवर ठेवलं.
तो म्हणाला, "मला पण बीपी आहे."
ते आम्ही पठाणाला दिलं.

शुक्रवारी व्हिडिओ कॉल.
ठरवलं होतं: सांगायचं, गॅस झाला होता.
तेच सांगितलं.
ती निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता
हं हं करत होती.
मग एकदा स्क्रीनकडे बघितलं,
माझ्या हाताकडे,
आणि सूप बाजूला ठेवून म्हणाली,
"घड्याळ कुठाय?"